किनाऱ्याची वहिवाट

सहकारी संस्थांची दप्तरे तपासणे या नीरस समजल्या जाणाऱ्या नोकरीत माझ्या उमेदीची सारी वर्षे गेली, आणि वाट्याला आलेला मुलूख कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाचा असल्यामुळे साखर कारखाने, सूतगिरण्या, जिल्हा बँका अशा मातबर संस्थांऐवजी मच्छीमारांच्या लहानसहान सोसायट्यांच्या कीर्दी आणि खतावण्या चाळण्यातच माझ्या चष्म्याचा नंबर वाढत गेला. देशावरच्या सहकाऱ्यांना माझी कीव येई. बदल्यांचा हंगाम आला की ते मला अर्ज करण्याचा आग्रह करीत. तो अर्ज मी कधी केला नाही, आणि त्याचे कारण कर्तव्यनिष्ठा हे मुळीच नव्हते. विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या त्या किनाऱ्यावर मला असा एक व्यवहार पाहायला मिळाला होता, की ज्यात माणसे रोज भागीदारीने कमावतात, कमावलेले त्याच जागी वाटून घेतात, वाटणीवरून भांडली तरी क्वचितच कोर्टाची पायरी चढतात, आणि ज्याचा एकही आकडा मी तपासलेल्या दप्तरांत नोंदलेला नव्हता. हिशेबतपासनिसाला एका ठिकाणी रेंगाळत ठेवायला एवढे कुतूहल पुरेसे असते.

तो व्यवहार म्हणजे रापण. घाटावरच्या वाचकाने ती पाहिली असलीच तर मालवण-तारकर्लीच्या सहलीत, छायाचित्र काढण्यापुरती. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. शेकडो हात लांबीचे जाळे होडीत घालून, त्याचे एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हाती ठेवून, तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि त्याचे सोबती वल्ही मारीत समुद्रात शिरतात, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळाकार फेरी घेतात आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागतात. मग दोन्ही बाजूंच्या दोरांना माणसे लागतात आणि पाय वाळूत रोवून, पाठीमागे झुकून, दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत तो सारा घेर किनाऱ्यावर ओढून आणतात. पावसाळा सरला, पाणी निवळू लागले, की बांगडा आणि तारली थव्याथव्यांनी किनाऱ्यालगत येतात. वरून पाहणाऱ्या सरावलेल्या डोळ्याला तो थवा पाण्याच्या बदललेल्या रंगावरून ओळखू येतो, पक्ष्यांच्या घिरट्यांवरून त्याची खातरजमा होते, आणि वाडीत हाक फिरते. जाळे बहुधा एकट्याचे नसते. अनेक कुटुंबांनी आपापले जाळ्याचे तुकडे आणून एकत्र जोडलेले, होडी आणखी कोणाची, दोर सामायिक. म्हणून वाटणी करताना जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, राबणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा, आणि ग्रामदेवतेचा विसर पडू द्यायचा नाही असा दंडक. शिवाय ज्याने येऊन दोराला हात लावला, मग तो म्हातारा असो, शाळा बुडवून आलेला पोरगा असो की घरचा कर्ता गेलेली बाई असो, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. हा दंडक कोणत्या पोटनियमात आहे, असे मी एकदा विचारले तेव्हा सगळे हसले.

या रचनेत दया आहे, तशी एक अर्थशास्त्रीय मर्यादाही आहे, आणि ती मला फार उशिरा उमगली. रापण मासळीचा पाठलाग करीत नाही. मासळी किनाऱ्यापाशी आली तरच तिचा उपयोग. आणि आली तरी जेवढे हात दोराला लागतील, जेवढी वल्ही चालतील, तेवढेच क्षेत्र वेढता येणार. पकडण्याची शक्ती माणसांच्या संख्येला बांधलेली असल्यामुळे पकड वाढली की वाटेकरीही वाढतात आणि कोणा एकाच्या तिजोरीत भांडवल साचून तो उद्या दुप्पट मोठे जाळे टाकील, ही शक्यता फारशी उरत नाही. रापणीचे मी आंधळे गुणगान करीत नाही. तिच्या जाळ्याच्या पोटातली आस, म्हणजे विणीतले भोक, बारीक असते, तिच्यात पिल्लेही येतात, आणि वाळूवर तडफडणारी बोटाएवढी मासळी पाहून जुने तांडेलही अस्वस्थ होतात. परंतु समुद्राची लूट करण्याचे सामर्थ्यच मुळात जिच्यात बेताचे आहे अशी ही पद्धत आहे, आणि लूट करण्याचे सामर्थ्य अमर्याद ठेवून केवळ हुकमांनी ती आवरू पाहण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत झाले आहे.

आता माझ्या दप्तरांकडे वळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेल्या मच्छीमार सोसायटीच्या ताळेबंदात काय असते? बर्फाचे खाते, डिझेलचे खाते, सुतळी-नायलॉनच्या विक्रीचे खाते, यांत्रिक नौकांसाठी दिलेल्या कर्जाचे आणि त्याच्या थकबाकीचे खाते, मासळीच्या विक्रीवर मिळालेल्या कमिशनाचे खाते. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या करातील परतावा सोसायटीमार्फत मिळतो, त्याचा स्वतंत्र पत्रव्यवहार. तपासणीच्या शेवटी संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग द्यावा लागतो, आणि तो देताना उलाढाल, वसुली, नफा यांकडे पाहावे लागते. ज्या सोसायटीचे सभासद वल्ह्यांवर जगतात तिचे डिझेलचे खाते रिकामे, कर्जाचे खाते रिकामे, उलाढाल नगण्य. कागदावर ती संस्था मरणोन्मुख. खिडकीबाहेर मात्र तेच सभासद वाळूवर उभे राहून हजारो रुपयांच्या मासळीचा लिलाव करीत असत आणि पाटीवाल्या बायकांशी घासाघीस करीत असत. सरकारी मदतीचा प्रत्येक ओघ इंजिनाच्या अश्वशक्तीवर किंवा डिझेलच्या लिटरवर मोजला जात असल्याने ज्याच्याकडे इंजिन नाही त्याला मोजण्याचे मापच उपलब्ध नव्हते. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. जे लिहिले जाते तेच मोजले जाते, आणि जे मोजले जाते त्यालाच तजवीज मिळते, एवढाच हा दप्तराचा स्वभाव.

त्या स्वभावाचा इतिहास मोठा आहे. १९५२ साली केरळात नॉर्वेच्या सहकार्याने मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा उद्देश मच्छीमार कुटुंबांची स्थिती सुधारण्याचाच होता. पण पुढे कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाली, ट्रॉलरची संख्या वाढली, आणि सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांचे आणि होडीवाल्यांचे वैर पेटले. गोव्यात रांपणकारांनी मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला. केंद्र सरकारने नेमलेल्या मजुमदार समितीने १९७६ नंतर नमुना विधेयकाची दिशा दाखवली, आणि मासेमारी हा विषय संविधानाने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्यांकडे सोपवलेला असल्यामुळे गोवा आणि केरळ यांनी १९८० साली, तर महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. किनाऱ्यालगतचे, ठरावीक वावांपर्यंतच्या खोलीचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखीव ठेवणे हा त्याचा आत्मा. रापणकरांच्या हक्काला कागदावर आलेली ही पहिली मान्यता, आणि ती नुसत्या अर्जविनंतीने मिळाली नाही हे विसरून चालणार नाही.

कायदा चांगला होता. पण राखीव पाण्यात शिरलेल्या ट्रॉलरवर कारवाई करायची, तर तो नेमका कोठे होता, तेथे किती वाव पाणी होते, हे सिद्ध करावे लागते. आणि भरतीओहोटीने तासातासाला बदलणाऱ्या त्या सीमारेषेवर दगड रोवता येत नाही की कुंपण घालता येत नाही. दिवे मालवून आलेली नौका गस्तीच्या नौकेपेक्षा वेगवान असली तर पाठलाग सुरू होण्याआधीच संपलेला असतो. पकडलीच, तर जुन्या तरतुदीनुसार दंडाचा आकडा बोटीतल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला, म्हणजे पाचपटीपर्यंत. मासळी नाशवंत, तिचा लिलाव तिथल्या तिथेच करावा लागतो. बोली लावणारे व्यापारी त्याच बंदरातले, पकडलेल्या मालकाशी रोजचा व्यवहार असलेले. मग भाव किती चढावा? किंमत जितकी कमी लागेल तितका दंड कमी, आणि कमी दंड हा धंद्याचा किरकोळ खर्च म्हणून खर्ची टाकता येतो. ही साधी गणिती पळवाट मला दोन-चार पंचनामे वाचल्यावर दिसली. तिच्याकडे कायद्याचे लक्ष जायला चाळीस वर्षे लागली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड मासळीच्या किमतीच्या मेहरबानीतून सोडवून लाखांच्या घरात नेला आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसायाच्या सहायक आयुक्तांकडे दिला. महसुलाच्या शेकडो कामांत बुडालेल्या तहसीलदारापुढे बांगड्याची फिर्याद किती काळ पडून राहते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या बदलाची किंमत कळेल.

ट्रॉलरच्या मागोमाग पर्ससीन आले. थव्याला भोवताली वेढून तळ आवळून घेणारे हे जाळे बांगडा, तारली यांसारख्या थव्याने फिरणाऱ्या मासळीचा अख्खा कळपच उचलते. रापणीचे दुःख असे, की तिची आणि पर्ससीनची मासळी एकच. बाहेर वेढून नेलेला थवा किनाऱ्याला येत नाही, आणि रापणकर दिवसदिवस वाळूवर बसून कोऱ्या पाण्याकडे पाहत राहतो. पर्ससीनचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या शिफारशींनंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासकीय आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढा मर्यादित झाला आणि परवाने टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी ओढून पकडण्यावर बंदी घातली. तरीही क्षितिजावर रात्री उजेडाची रांग दिसे, आणि देवबागपासून तळाशीलपर्यंतच्या वाड्यांतले तरुण ती मोजत बसत. समुद्रातली हाणामारी आणि आंदोलने यांची वर्णने वर्तमानपत्रांत आलेली आहेत. ती येथे उगाळण्याची मला इच्छा नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पर्ससीनच्या नौकांवर राबणारे खलाशी कोणी धनाढ्य नसतात. त्यांतले पुष्कळ परप्रांतांतून आलेले, आगाऊ उचल घेऊन बांधले गेलेले. वैर माणसामाणसांचे म्हणून दिसते, पण त्याची मुळे भांडवल कोणाला दिले गेले आणि कोणाला दिले गेले नाही या जुन्या हिशेबात आहेत.

निवृत्तीनंतर एका वाडीतल्या रापणकरांनी मला बोलावले. त्यांना भाषणे नको होती, कागद हवे होते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार वादळाने किनारा झोडपून काढला होता, पाठोपाठ महा वादळ येऊन गेले. जाळी वाहून गेली, होड्या फुटल्या, आणि ऐन हंगामाचे दिवस वाया गेले. त्याच साली महाराष्ट्राच्या समुद्रातून उतरलेली मासळी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मोजणीप्रमाणे सुमारे २ लाख टनांवर घसरली, आणि ४५ वर्षांतला तो नीचांक ठरला. नुकसानभरपाईसाठी पंचनामे सुरू झाले तेव्हा यांत्रिक नौकेच्या मालकाकडे परवाना, विमा, डिझेलची पावती असे सारे होते. रापणकराकडे फाटलेले जाळे होते आणि ते अमक्याचेच, अमक्या दिवशी फाटले, याला शेजाऱ्याच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. पंचांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या छापील नमुन्यात सामायिक जाळ्याला रकानाच नसतो.

तेव्हा आम्ही एक नोंदवही घातली. फार साधी: तारीख, जागा, कोणाकोणाचे जाळे जोडले, होडी कोणाची, दोराला किती माणसे, किती टोपल्या मासळी आणि कोणत्या जातीची, लिलावात भाव काय, वाटे कसे पडले, कोणी विकत घेतली. आरंभी तिला विरोध झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. लिहिले की कर लागतो, लिहिले की सरकार मासळी मोजून कोटा ठरवते, लिहिले की शेजारच्या रापणीला आपली जागा कळते, अशा शंका निघाल्या. आणि एका जुन्या भागीदाराला खरी भीती अशी होती, की वाट्यांचा हिशेब वर्षभर एका वहीत दिसला तर होडीचा वाटा किती जड झाला आहे ते सगळ्यांच्या लक्षात येईल. ते लक्षात आलेच, आणि त्यावरून दोन बैठका चांगल्याच तापल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. परंपरा म्हणजे निर्मळ न्याय अशी समजूत बाळगणाऱ्या माझ्या शहरी स्नेह्यांना मी ती वही दाखवू इच्छितो.

वहीवरून आणखी एक वाद झाला तो बायकांच्या नोंदीचा. रापणीत पुरुष ओढतात हे खरे. पण मासळी पैशात रूपांतरित होते ती बायकांच्या पाट्यांतून. लिलावात त्या बोली लावतात, उधारी सांभाळतात, आठवडी बाजार गाठतात, उरलेला बांगडा खारवतात, वाळवतात, आणि पावसाळ्याच्या बंदीत घर चालते ते त्या सुक्या मासळीवर. कायद्याच्या भाषेत मच्छीमार म्हणजे नौका आणि तिचा परवाना. त्यात त्या कोठेच बसत नाहीत. यादी करताना आमच्या लिहिणाऱ्या पोराने सवयीप्रमाणे प्रत्येकीपुढे नवऱ्याचे नाव घातले, तेव्हा एका म्हातारीने त्याच्या हातातला पेन धरून मला सुनावले, “साहेब, माका तांडेलाची बायल म्हणान लिवू नकात, म्हावरा इकणारी म्हणान लिवा.” तसे लिहिले. पुढे मच्छीमारांनाही खुल्या झालेल्या किसान क्रेडिट कार्डासाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा बँकेत दाखवायला काहीतरी कागद असलेल्या बायका त्या वाडीत निघाल्या, त्या या वहीमुळे. सर्वांना कर्ज मिळाले असे नाही. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला तारण हवे असते, आणि पाटी हे तारण नव्हे.

या कामातून एक अनपेक्षित लाभ झाला. कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस निघाली, कांदळवन कक्षामार्फत. पुरावा म्हणून छायाचित्र लागते. नोंदवही सांभाळणाऱ्या पोरांना त्यामुळे भ्रमणध्वनी वाळूवर घेऊन जाण्याची परवानगी मिळाली, जी आधी तांडेल देत नसे. आणि कासवाबरोबर पिल्लांचेही फोटो निघू लागले. २०२३ साली शासनाने ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. ही मापे जेव्हा बैठकीत वाचून दाखवली तेव्हा कोणी हसले नाही, कारण त्यांचीच छायाचित्रे समोर होती. जाळ्याच्या पोटातली आस मोठी करण्याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. खर्च कोणी सोसायचा यावर ती अडते.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण बाहेरच्या लोकांचा त्याबद्दल गैरसमज असतो. ही बंदी इंजिनाच्या नौकांना असते. वल्ह्यांच्या पारंपरिक होडीला तीतून सूट आहे. पण खरे बंधन पूर्वीपासूनच होते. पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात होडी घालणारा वेडा ठरे, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय हंगाम उघडत नसे. सरकारी मुदत आणि दर्याची मुदत यांत आता जे दिवसांचे अंतर पडले आहे, त्यात इंजिनवाला घुसतो. वल्हेवाला अजून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो, आणि थांबल्याचा तोटाही सोसतो. माझ्या मते बंदी पौर्णिमेपर्यंत न्यावी. हे मत अनेक संस्थांनी वारंवार मांडले आहे. मी फक्त दुजोरा देतो.

मात्र इतकी वर्षे समुद्राचा विचार करताना मी जमिनीकडे दुर्लक्ष होताना पाहत होतो, आणि रापणीचा खरा जीव जमिनीतच आहे. जाळे ओढायला मोकळी वाळू हवी. होडी वर घ्यायला उतार हवा. जाळे वाळत घालायला, सांधायला, मासळी सुकवायला जागा हवी. ही जागा कोणाच्या नावे आहे? सातबाऱ्यावर पाहावे तर ती बहुधा सरकारी, किंवा कोणा दूरच्या खातेदाराची. रापणकराची शंभर वर्षांची वहिवाट इतर हक्कांच्या रकान्यातही आढळत नाही. कित्येकांची राहती घरेसुद्धा त्यांच्या नावावर नाहीत. किनाऱ्यावर पर्यटन बहरले, हे चांगलेच झाले, मच्छीमारांच्या मुलांनीही त्यातून खोल्या बांधल्या, नौकाविहार सुरू केला. परंतु जमिनीला भाव येताच वाळूच्या कडेचा जो भाग आजवर कोणाचाच नव्हता, तो कोणाचा तरी निघू लागला. भिंती उभ्या राहिल्या. एका जुन्या तांडेलाने मला विचारले, “साहेब, दर्यो काय कोणाच्या बापाशीचो नाय. पण ही वाळू आमची. तिचो कागद खंय मिळात?” मी आयुष्यभर कागदांत राहिलेला माणूस, पण या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला बराच शोध घ्यावा लागला.

उत्तर अर्धे सापडले. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट तरतूद होती, की किनारा व्यवस्थापनाचे नकाशे तयार करताना मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामायिक वापराच्या जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवण्याची ठिकाणे, हे सारे गावनकाशाच्या प्रमाणावर दाखवले पाहिजे. २०१९ च्या नव्या अधिसूचनेखालीही नकाशांवर जनसुनावणी आणि हरकतींची प्रक्रिया आहे. म्हणजे वहिवाट कागदावर आणण्याचा दरवाजा उघडा आहे. पण त्या दरवाजाची वेळ ठरावीक असते, नोटीस तालुक्याच्या फळ्यावर लागते, आणि ती वाचायला हंगामात कोणी रिकामे नसते. एका वाडीत आम्ही पायांनी वाळू मोजून, कोणत्या दगडापासून कोणत्या माडापर्यंत रापण लागते, जाळी कोठे वाळतात, याचा कच्चा नकाशा केला, ग्रामसभेत ठराव घेतला आणि मुदतीत हरकत दाखल केली. हरकत दाखल झाल्याची पोच मिळाली. तिच्यावर पुढे काय झाले हे सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.

नुसती नोंद झाली म्हणजे कल्याण, असेही नाही. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून कागदावर आला, आणि तेथल्या मच्छीमारांच्या मनातून तो कागद अजून उतरलेला नाही, कारण रेषा ओढताना तेथे जाळे टाकणाऱ्यांना विचारले गेले नाही अशी त्यांची भावना आहे. प्रवाळ वाचले पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण ज्याची वहिवाट त्याच्या साक्षीने नोंद, हा जमाबंदीचा जुना नियम समुद्राला लावायला हरकत कोणती?

हाच विचार संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ साली मान्य केलेल्या लघुमच्छीमारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीचा हक्क, बायकांचे मासळी प्रक्रियेतले आणि विक्रीतले काम, निर्णयात स्थानिकांचा सहभाग, सारे त्यात सविस्तर मांडले आहे. ती तत्त्वे घडवण्यात चेन्नईहून काम करणाऱ्या चंद्रिका शर्मा यांचा मोठा वाटा होता. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे जे विमान नाहीसे झाले त्यात त्या होत्या, आणि ती तत्त्वे त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहेत. भारताने या तत्त्वांना पाठिंबा दिला. पण तत्त्वे ऐच्छिक आहेत. त्यांना आमच्या तलाठ्याच्या सज्जात उतरवणारे कोणीतरी लागते, आणि ते काम संघटनेच्या रोममधल्या कचेरीत होणार नाही.

म्हणून किनाऱ्यालगतच्या गावांत राहणाऱ्या, किंवा नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या, कागद वाचता येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या खेपेस तहसील कचेरीत जाऊन आपल्या गावचा किनारा व्यवस्थापन नकाशा मागून पाहावा. त्यात रापणीची वाळू, होड्या ओढण्याचा उतार, जाळी आणि मासळी वाळवण्याच्या जागा दाखवल्या आहेत की नाहीत, हे वाडीतल्या तांडेलाला आणि मासळी विकणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन तपासावे. नसतील तर ग्रामसभेचा ठराव करून मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.